पिंपळ पोटात घेतलेली कुंडी

मित्रांनो, मी एक जुनी मातीची कुंडी आहे, आणि स्वभावाने पक्की भित्री. लखनौजवळच्या चिनहटच्या कुंभाराने मला चाकावर चढवले तेव्हाच माझा जीव गरगरला. भट्टीत तर शेजारची कुंडी फट्‌दिशी फुटली, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. कुंडीला कान कुठले, असे म्हणून तुम्ही हसाल. हसा बापडे.

निशातगंजच्या बाजारातून मला सुनंदाबाईंनी घरी आणले. ते १९७६ साल. त्यांचे यजमान शामराव सरकारी नोकरीत, नागपूरहून बदली होऊन लखनौला आलेले. वरच्या मजल्यावरचे भाड्याचे घर, पुढे गच्ची. सुनंदाबाईंना बागेची भारी हौस, पण कोथिंबीर कशी पेरतात तेही ठाऊक नव्हते. त्यांनी धणे न रगडता अख्खेच टाकले आणि रोज माझ्यात डोकावत राहिल्या. काही उगवले नाही. मग मिरची लावली. तिला भांडी विसळलेले पाणीसुद्धा इतक्या प्रेमाने पाजले की तिने मान टाकली.

"आई, छोड़ो ना. सब्जीवाला आता तो है," मुलगी बेबी म्हणायची.

"अगं, हाताला सवय नाही अजून. होईल," सुनंदाबाई म्हणायच्या.

पुढच्या वैशाख पौर्णिमेला सगळे श्रावस्तीला जाऊन आले. तिथल्या भंतेजींनी दिलेले बोधिवृक्षाचे, म्हणजे पिंपळाचे, रोप सुनंदाबाईंनी ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून आणले. बेबीने मेणबत्ती लावली, शामरावांनी वंदना म्हटली आणि रोप माझ्यात बसले. तिथून माझे भीतीचे दिवस सुरू झाले.

त्याचे कारण समोरच होते. पलीकडच्या जुन्या इमारतीच्या भिंतीत एक पिंपळ उगवला होता आणि त्याची मुळे विटांमध्ये बोटे घालून भिंत उसवत होती. एका पावसाळ्यात तिथला कठडा धाडकन रस्त्यावर आला. खाली कोणी नव्हते म्हणून निभावले. मी मात्र आतून हादरले. नवाबी काळातल्या चपट्या लखौरी विटांची भिंत जिथे टिकली नाही, तिथे माझा काय पाड? आणि तसाच पिंपळ मी पोटात वाढवत होते.

खालच्या मजल्यावर घरमालकीण हेमाभाभी राहत. वर्ष होत आले तरी त्यांनी सुनंदाबाईंच्या घरचा चहा तोंडाला लावला नव्हता. कारण कोणी बोलत नसे, पण सुनंदाबाईंना ते कळत होते आणि लागतही होते. पिंपळ आल्याचे समजले तेव्हा भाभी पहिल्यांदा जिना चढून आल्या.

"हाय राम, बहन जी! घर में पीपल? यह तो कोई नहीं लगाता।" मग त्यांनी डोक्यावर पदर घेतला. "पर अब आ गए हैं तो उखाड़िएगा मत। बड़ा पाप लगेगा।"

"उखाड़ेंगे क्यों, भाभी? हमारे तो बुद्ध का पेड़ है," सुनंदाबाई म्हणाल्या.

तेव्हापासून भाभी दर शनिवारी लोटाभर पाणी घेऊन येऊ लागल्या. खोड काडीएवढे, सूत गुंडाळले तर मोडायचे. म्हणून त्या कच्चे सूत माझ्याच पोटाभोवती गुंडाळत. मग दोघी गच्चीवर बसून चहा घेत. सुनंदाबाईंना त्या चहाचे फार अप्रूप होते. झाड हलवले आणि भाभींचे मन दुखावले तर? या धास्तीने त्यांनी पिंपळाला हातच लावला नाही. वर्षे गेली. पौर्णिमेला वंदना, शनिवारी लोटा, आणि मधल्या दिवसांत सुनंदाबाईंची झारी. सगळे झाडाला हात जोडत. मी कोणाला हात जोडणार?

आत काय चालले होते ते मलाच ठाऊक. मुळांनी आधी माझ्या तळाचे भोक बुजवले, मग ती आतल्या आत गोल गोल फिरू लागली. रोज थोडा जास्त रेटा. एका कडाक्याच्या थंडीत माझ्या अंगात बारीकसा आवाज झाला. तडा! पण तो पडला सुताच्या खाली. मला आवळून धरणाऱ्या सुतानेच माझे दुखणे झाकून ठेवले. ओरडावेसे वाटे, पण ओरडू कशी?

मग पिंपळच पिवळा पडू लागला. सुनंदाबाईंच्या तोंडचे पाणी पळाले. घाबरून त्या जास्त पाणी घालू लागल्या. भाभीही घाबरल्या आणि दोन लोटे आणू लागल्या. पाणी जायला वाटच नव्हती. मुळे कुजू लागली. आम्ही तिघी भ्यालेल्या, आणि तिघी गप्प.

अशातच वैशाख पौर्णिमा जवळ आली. आदल्या शनिवारी मळके सूत बदलायचे म्हणून भाभींनी ते सोडले आणि माझा तडा उघडा पडला. फटीतून मुळांचा गुंता बाहेर आला होता. सुनंदाबाईंनी तिथे बोट लावून नाकाशी नेले, तर कुजका वास आला.

"अगं बाई, याचा जीव कोंडलाय इथे!" त्या उठल्या आणि स्वयंपाकघरातून बत्ता घेऊन आल्या.

"बहन जी, यह क्या कर रही हैं? पीपल पर चोट? वह भी शनिवार को?"

"पेड़ पर नहीं, भाभी। गमले पर।"

मित्रांनो, जन्मभर ज्याला भ्याले ते इतक्या साध्या शब्दांत समोर आले. भाभींचे तोंड पांढरेफटक पडले होते. क्षणभर वाटले, त्या आता पाय आपटत खाली जातील आणि पुन्हा कधी यायच्या नाहीत. पण त्या माझ्याजवळ बसल्या आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"मारिए," भाभी म्हणाल्या. "हिलेगा नहीं।"

घाव बसला आणि मी फुटले. दुखले का? दुखले. पण मी गळून पडले तरी मुळांचा गोळा हुबेहूब माझ्याच आकाराचा उभा राहिला. तो बिचारा मला फोडायला बसला नव्हता, त्याला जायला जागाच नव्हती. माझा इतक्या वर्षांचा राग तिथेच गेला.

दोघींनी कुजकी मुळे कापली, झाड पोत्यात बांधले आणि रिक्षाने नेऊन विकास नगरकडच्या एका मोकळ्या मैदानाच्या कडेला लावले. ते जगले. आता तिथे सावली पडते, असे बेबी सांगते. मी काही ते पाहिलेले नाही.

माझी एक ठिकरी सुनंदाबाईंनी नव्या कुंडीच्या तळाशी, भोकावर उपडी ठेवली. पाणी निघून जावे आणि माती राहावी म्हणून. तीच मी तुमच्याशी बोलते आहे. वर मोगरा आहे. मित्रांनो, झाडाला पाणी जरूर घाला, हातही जोडा, पण अधूनमधून कुंडीच्या तळाशी वाकून बघत जा. आम्हाला हाक मारता येत नाही.

इथे खाली अंधार असतो. मोगऱ्याचे कोवळे मूळ टेकले की नवी कुंडी शहारते आणि मला विचारते, "मीपण फुटणार का गं?"

"घाबरू नकोस," मी तिला सांगते. "बाई आता कुंडी कलती करून तळ बघतात."