रेणू कुठल्या बाजूने वळतो

भाचीनं खिडकीचा पडदा ओढला आणि मावशीची खुर्ची संगणकाच्या अगदी जवळ सरकवली.

“अजून पुढे नेलंस तर मी आतच जाईन,” मावशी म्हणाली.

मावशी या प्रयोगशाळेत उभा जन्म एका प्रथिनाच्या मागे हात धुऊन लागली होती. आता डोळ्यांनी दगा दिला होता. समोर बघितलं की मधोमध धुकं आणि कडेला थोडासा उजेड. आज प्रथिन दिसलं तर ती येत राहणार होती, नाही दिसलं तर उद्यापासून घरी. सकाळी चहा पिता पिता तिनं तसं सांगूनच टाकलं होतं. नाकावर माशी बसू न देणारी ही बाई घरी बसून करणार काय, हे भाचीला सुचत नव्हतं.

प्रथिनाचा रेणू दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू होताना सगळ्यात आधी एक फाइल वाचतं. त्या फाइलमध्ये भाची एकेक ओळ लिहीत गेली. पार्श्वभूमी काळी. रेषा जाड. साखळी पिवळी, लोहाचा अणू लालभडक. आणि उघडल्याबरोबर रेणूनं आपला आपण संथ फिरत राहायचं. मग तिनं सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं.

अंधारात पिवळा आकार तरंगू लागला. भिंती कुठे संपतात ते कळेना. खोलीच पाण्याखाली गेल्यासारखी वाटली, आणि त्या उजेडात मावशीचा चेहरा एकदम तरुण दिसला.

“आलं गं बाई,” मावशी हळूच म्हणाली. “हा बघ लांबलचक पीळ. आता त्याच्यामागून खोबण येईल. हं, आली. आणि आत लोह, कसं ऐटीत बसलंय!”

भाचीला रडू येईल इतका आनंद झाला. तिनं स्क्रीनकडे पाहिलं.

पीळ मघाशीच निघून गेला होता. पण त्याच्यामागून खोबण आली नव्हती, दुमडलेली पट्टी आली होती. जुन्या संगणकावर रेणू इतकी वर्षं डावीकडे वळायचा. भाचीनं नकळत तो उजवीकडे वळवला होता. मावशी बघत नव्हती. तिला सगळं तोंडपाठ होतं.

“दिसतंय ना तुला?” भाचीनं विचारलं.

“म्हणजे काय! मी काय गोष्ट सांगतेय?”

रेणू डावीकडे वळावा म्हणून भाचीनं फाइल उघडून फिरण्याच्या कोनाच्या आकड्याआधी उणे चिन्ह टाकलं.

“कसली खुडबुड चाललीय?”

“काही नाही. जरा जोरात फिरत होता.”

सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं. पीळ आला, मग खोबण, मग लाल लोह. मावशी हवेत बोट फिरवत पुटपुटत राहिली, आणि रेणू तिच्या बोलण्यामागून निमूट वळत राहिला.

“उद्या येऊ ना मग?” मावशीनं मान न वळवता विचारलं.

“न येऊन सांगतेस कुणाला? नऊला निघू,” भाची म्हणाली, आणि तिनं फाइल सेव्ह केली.