हिरव्या पाटीमागे

नगरमंडळाच्या खोलीत दोन कॅमेरे होते, सहा माइक, एक छोटा पडदा आणि पाच खुर्च्या. त्यातल्या तीन खुर्च्यांवर माणसं होती, आणि तिघंही कॅमेरे सांभाळणारी लॉरेन पेल्की बाहेर कधी जाते याची वाट बघत होती.

"बंद बैठक, लॉरेन," अध्यक्ष हार्लन टिबो म्हणाला. "दार घट्ट लाव."

"लावते की. आजवर उघडं राहिलंय का?"

तिने बटण दाबलं. पडद्यावर टीव्ही बघणाऱ्यांसाठीची हिरवी पाटी आली: मंडळ थोड्या वेळात परत येईल, खाली हार्लनचं नाव. कॅमेरे आणि माइक मात्र चालूच राहिले. जुनी यंत्रं ती. एकदा थंड झाली की रंग जागेवर यायला फार वेळ घेत, म्हणून मधे बंद करायची पद्धतच नव्हती. लॉरेन बाहेर गेली. गेली बावीस वर्षं बंद बैठकीच्या वेळी ती अशीच बाहेरच्या बाकावर बसत आली होती.

केबल कंपनीचा परवाना संपत होता. गावाच्या रस्त्यांवरून तारा न्यायच्या, तर कंपनीने कमाईतला हिस्सा गावाला द्यायचा; त्यातून गावाचं चॅनल चालायचं. मंडळाच्या सभा, शाळेचे हॉकीचे सामने, चर्चमधल्या बीन्सच्या पंगती, सगळं त्यावर दिसायचं, आणि लॉरेनचा पगारही त्यातूनच निघायचा. मंडळाने बंद दाराआड ठरवलं होतं: मागायचे पाच टक्के, अगदीच अडलं तर तीनवर यायचं. पुढच्याच आठवड्यात कंपनीचा माणूस क्रील कोट काढून बसला आणि हसत म्हणाला, "उगाच घोळ कशाला? तीनवर मिटवू या."

त्या दिवसापासून हार्लन तिच्याशी हवापाण्याच्याही गप्पा मारेनासा झाला होता.

आज दार उघडलं तेव्हा तो एकटाच बाहेर आला.

"तुझा भाचा टोबी त्यांच्याकडेच आहे ना कामाला?"

"खांबांवर चढतो. का?"

"रविवारी जेवायला येतो तुझ्याकडे."

"येतो. दोनदा वाढून घेतो. तेही कळवू का मंडळाला?"

"थट्टा नको. आत आम्ही तिघं असतो. बाहेर तू एकटी. तीनचा आकडा क्रीलला सांगितला कुणी?"

लॉरेन उठून उभी राहिली. "तीन टक्के झाले तर पहिली नोकरी माझी जाईल, हार्लन. मी कशाला सांगेन?"

"ते मलाही कळत नाही. पण सोमवारपासून या खोलीची किल्ली माझ्याकडे दे."

आतून मंडळाची सदस्य विनी स्ट्राउट सगळं ऐकत होती. ती नुसती हातमोजे घालत राहिली. इतकी वर्षं ती लॉरेनला घरच्या जॅमची बरणी द्यायची.

घरी पोचते तोच फोन वाजला. म्हातारी मिसेस गॅग्नन. दर सभेनंतर तिची काहीतरी तक्रार असायचीच.

"लॉरेन, लाज वाटू दे गं! स्टॅनलीला जाऊन वर्ष होत आलं. अजून तुमच्या त्या हिरव्या पाटीवर अध्यक्ष म्हणून त्याचंच नाव!"

"नाही हो, हार्लनचं आहे. मी स्वतः बदललंय."

"माझे डोळे गेलेत का? आत्ताच तर बघितलं."

लॉरेनने फोन ठेवला. दुरुस्त केलेली पाटी तिच्या पडद्यावर होती. मग घरोघरी जुनी पाटी कुठून जात होती? मंडळाच्या खोलीतून निघणाऱ्या तारेच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरावर, कंपनीची खोली होती. तिने बटण दाबलं की तिथलं यंत्र स्वतःची पाटी लावत असणार. मग मंडळाच्या खोलीतून तिथवर जाणारं चित्र आणि आवाज थांबवत कोण होतं?

टोबीला विचारावंसं वाटलं. तिने विचारलं नाही. पहिल्यांदाच तिला त्याच्या उत्तराचीही खात्री वाटेना.

शनिवारी सकाळी तिने हार्लन आणि विनीला खोलीत बोलावलं. शाळेच्या प्रयोगशाळेतून तारेतला सिग्नल मोजायचं मीटर मागून आणलं होतं.

"भाच्याचं नाही ना?" हार्लनने विचारलं.

"शाळेचं आहे. मागचा शिक्का बघ."

त्याने खरंच उलटं करून पाहिलं.

"पाटी लावल्यावर तारेत काही जात नसेल तर आकडा शून्याच्या खूप खाली दिसेल, उणे चाळीसच्या आसपास," लॉरेन म्हणाली. "सभा चालू असताना तो अधिक दहाच्या आगेमागे असतो. आता बस तुझ्या खुर्चीत, आणि बोल."

"काय बोलू?"

"बंद दाराआड बोलतोस तसं."

तिने बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पाटी आली. भिंतीतून डोंगराकडे जाणारी तार तिने फिरवून सोडवली आणि मीटरला जोडली. विनी चष्मा लावून पुढे वाकली. हार्लनने घसा खाकरला आणि अडखळत म्हणाला, "समजा, चारवर अडून बसलो तर..."

मीटरवर आकडा स्थिर झाला: अधिक अकरा.