छावणीतली विशेष सभा

उन्हाळा असा पेटला होता की उमापूरच्या छावणीत दुपार जागची हलत नव्हती. सव्वाशे जनावरं हिरव्या जाळीखाली उसाचे वाढे चघळत होती आणि त्या संथ रवंथानं माणसांनाही गुंगी आली होती. पत्र्याच्या खोलीत कमरजहाँ दूध संस्थेच्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. बाहेरचं सगळं तिला पाण्याखालून पाहावं तसं डुलताना दिसत होतं, आणि पाणी तर दहा कोसांत नव्हतं.

छावणी दूध संस्थाच चालवत होती. जनावरांची यादी वरून आलेल्या नव्या प्रोग्राममध्ये पाचच्या आत भरायची होती, नाहीतर उद्या चाऱ्याची गाडी येणार नव्हती. आणि तो प्रोग्राम काही केल्या बसत नव्हता. तिसऱ्यांदा पडद्यावरची पट्टी निम्म्यावर थांबली नि तोच निरोप उमटला. या वेळी तिनं तो घाई न करता वाचला. नवा प्रोग्राम ज्याच्या आधारावर चालायचा, तो खालचा प्रोग्राम इथं आठ वर्षांपूर्वीचा होता.

तो जुना राहिला होता तो विसरून नव्हे, चांगला ठराव करून. पाच वर्षांमागं कमरजहाँनं तो कुणाला न विचारता बदलला, आणि त्यावरच चालणारा दूध मोजायचा प्रोग्राम बंद पडला. चार दिवस दूध परत गेलं. मग जुनाच परत बसवला आणि सभासद भिमाबाईंनी वार्षिक सभेत ठराव मांडला, की सभेच्या मंजुरीशिवाय कॉम्प्युटरमध्ये काडीही हलवायची नाही. सहकारी संस्थेत देव एकवेळ हलेल, ठराव हलत नाही. तेव्हापासून कमरजहाँ या खुर्चीत पाहुण्यासारखी बसायची. आपल्यावर कुणाचा भरवसा नाही, हे तिला रोज टोचायचं.

"काका, सभा बोलवा," ती चेअरमन आसारामांना म्हणाली.

"आत्ता? सात दिवसाची नोटीस लागती, पोरी."

"सात दिवस जनावरं काय नोटीस खातील? समदे सभासद हितंच हायत."

आसाराम डोकं खाजवत बाहेर गेले. हळूहळू दावणींमधून बायाबाप्ये झोपेत चालल्यासारखे जमले. एक वासरू मधोमध येऊन बसलं, त्याला कुणी उठवलं नाही.

कमरजहाँ उभी राहिली. "कॉम्प्युटरात गाडी नवी हाय, खालचा आस जुना हाय. आस बदलावा लागंल. पर दुधाची गाडीबी त्याच आसावर हाय, ती मोडंल. मागं मी सांगितलं न्हवतं. आज आधी सांगते."

सगळ्यांच्या नजरा भिमाबाईंकडे वळल्या.

"दूध हाय कुठं मोजायला?" भिमाबाई म्हणाल्या. "ठराव मी मांडलता, मीच मागं घेते. कमर, कर तुला काय करायचं ते."

हात वर झाले. कमरजहाँला रडू आलं. ते ओढणीनं पुसत ती आत गेली.

जुनं निघालं, नवं बसलं. पट्टी पुढं सरकत होती तेव्हा तिला वाटलं, सगळी छावणीच कुठंतरी अलगद वाहत चालली आहे. तीनला प्रोग्राम उघडला. मग सभासद एकामागून एक दारात येऊन जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर सांगू लागले, आणि नंबर पुरेसा नाही असं वाटून त्याचं नावही सांगू लागले. मैना, ढवळी, चांदी, राजा. तिनं एकालाही अडवलं नाही.

पाचला दहा मिनिटं कमी असताना एकच सभासद राहिला.

"मावशी, तुमच्या म्हशीचा नंबर?" तिनं दाराशी बसलेल्या भिमाबाईंना विचारलं.

"ती आज पहाटंच गेली. माझं नाव सोड, यादी धाड."

कमरजहाँचा हात थबकला. उद्याच्या गाडीत आपल्यासाठी एक पेंढीही नाही, हे या बाईला सभेत ठराव मागं घेतानाच ठाऊक होतं. तिनं यादी धाडली. मग खुर्चीवरून उठून ती भिमाबाईंच्या शेजारी भुईवर जाऊन बसली.