बांधीवर टांगलेला बँड

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. माझ्या अंगाला अजून पोपटांच्या घाणीचा वास येतो. हे आधीच सांगितलेले बरे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी मुकी होते. आवाज फुटला तो सौंदडच्या मंडईत. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्या वर्षी चैतराम मास्तरांची बावीस जणांची बँडपार्टी वाजवत होती आणि मास्तर स्वतः क्लारनेटवर होते. कुणीतरी बैलगाडीवर टेपरेकॉर्डर ठेवला. सगळी मंडई माझ्यात उतरली. ट्रम्पेट, जिलेबीवाल्याची हाळी, कुणाचे तरी रडके पोर. ढोलवाला बकाराम ताल सोडून पुढे पळू लागला, तेव्हा मास्तरांनी तोंडातले क्लारनेट काढून त्याला दटावले, तेही उतरले:

"बकाराम, हळू. धान कापाले जाचं हाय का तुले?"

पुढे कित्येक वर्षे चहाच्या टपऱ्यांवर लोकांनी मला झिजेपर्यंत ऐकले. मग मास्तर वारले, बँड मोडला. त्यांचा मुलगा लीलाधर याने डीजेची गाडी घेतली. ती वाजली की कौले हलत, भांडी पडत. याला लोक वाजवणे म्हणत. मला किळस येई.

मास्तरांची बायको सुशिलाबाई मात्र दर मंडईला मला लावायची. ती गाण्यासाठी बसत नसे, त्या दटावण्यासाठी बसे. मास्तरांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

गेल्या वर्षी धान लोंबीवर आले आणि पोपट उतरले. लीलाधरने माझी अर्धी फीत ओढून काढली, तोडली आणि बांधीभोवती, म्हणजे धानाच्या खाचराभोवती, खुंट्यांना बांधली. पाखरे हाकायची चमकती फीत आमगावच्या बाजारात मिळते. तिथवर जायचाही त्याला कंटाळा. पोपट भ्यायले तर नाहीतच, उलट खुंट्यांवर बसून माझ्यावर हगले.

मंडईच्या दिवशी नातीने, नूतनने, मला लावले. बँड सुरू झाला. बकाराम पुढे पळू लागला. तिथेच फीत संपली.

लीलाधरने बांधीकडे बोट दाखवले. "आई, कोण आयकते आता हे? बाबूजीचा फोटो हाय ना भिंतीवर."

"फोटो बोलते का?" एवढेच म्हणून सुशिलाबाई चालू लागली.

बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून ती एकेक गाठ सोडू लागली. मागून लीलाधर आला. ओशाळून त्याने फीत एकदम हिसकली. वीतभर तुकडा तुटला.

"हळू," ती म्हणाली. "धान कापाले जाचं हाय का तुले?"

त्याचा हात तिथेच थांबला. मग तोही खाली बसला.

नूतनने पेन्सिलीने मला गुंडाळले, चिकटपट्टीने जोडले. आता मी खरखरते, मध्येच उचकी देते. पण मास्तर बोलले. सुशिलाबाई पदर तोंडाला लावून हसली.

लीलाधरला मी माफ केलेले नाही. तो दिसला की अजून शिसारी येते. पण यंदाच्या मंडईला त्यानेच मला मशीनमध्ये घातले, आणि हळू घातले.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकायची असेल तर खुशाल टाका. फक्त तिच्यात कोण बसले आहे, ते आधी एकदा ऐका.