उजवीकडचा कल

यास्नाने पडद्यावरचं चित्र आरशात दिसावं तसं उलटं केलं आणि पहिल्या दीर्घिकेवर रेघ ओढली. धूसर, लांबट ठिपका. तो कुठल्या दिशेने कलला आहे एवढंच ठरवायचं. असे एकशे बारा.

प्रत्येक दीर्घिका एकदा सुलटी, एकदा उलटी मोजायची, हा वेधशाळेचा जुना रिवाज. तिच्या प्राध्यापकांनी, प्रोफे लिसांद्रोंनी, शेवटी शेवटी उलटं मोजणं सोडून दिलं होतं. चाळीस वर्षं बघतोय, आता मला कसला आरसा दाखवता, म्हणायचे. मार्चमध्ये ते गेले. मागे उरला त्यांचा शोध: एकाच समूहातल्या या एकशे बारा दीर्घिका मधल्या मोठ्या दीर्घिकेला समांतर, सगळ्या उजवीकडे कललेल्या आहेत. त्यावरचा शोधनिबंध सोमवारी जायचा होता, पहिलं नाव त्यांचं.

उलट्या चित्रात रेघा डावीकडे कलायला हव्या होत्या. दुपारी चारच्या सुमारास यास्नाने त्या सगळ्या एकत्र पाहिल्या. उजवीकडेच होत्या. रेघ ओढायला तिला प्रोफेंनीच शिकवलं होतं. मेलेला माणूस आपल्या बोटांत बसलाय असं वाटून तिने माउसवरचा हात काढून घेतला.

शेजारच्या खोलीतल्या रेनातोला तिने मोजायला बसवलं. तो सूर्याचा अभ्यासक. प्रोफेंकडे कधी शिकला नव्हता. त्याच्या रेघा वाटेल तशा पडल्या.

"मला जमत नाही म्हणून असेल," तो म्हणाला.

"तुला कुणी शिकवलं नाही म्हणून."

"मग निबंधाचं काय?"

"आधी प्रोफेंच्या सेन्योरांना सांगते."

"वेडी आहेस का? गुपचूप पाठव. परत कोण मोजत बसणार आहे?"

"मी मोजलं ना."

प्रोफेंची बायको, सेन्योरा ओंदिना, घरी चहा मांडून बसली होती. यास्नाने एका दमात सांगून टाकलं: कल आकाशात नाही, प्रोफेंच्या हातात होता. निबंध जाणार नाही.

ओंदिना पावावर अव्होकाडो फासत राहिली.

"म्हणजे त्या तिकडे कशाही पडल्यात?"

"हो."

"आणि त्या दीर्घिकांपायी पाच वर्षं रविवारी मी एकटी जेवले." ती हसली, मग तिने डोळे पुसले. "त्याच्या हाताचं मला विचारायचं होतंस, पोरी. ती भिंत बघ. सगळ्या तसबिरी त्यानेच टांगल्यात, सगळ्या उजवीकडे कलत्या. मी सरळ करायचे, की हा येऊन परत बिघडवायचा. मार्चपासून मी त्यांना हात लावलेला नाही."

यास्नाने मान वळवली. लग्नाचा फोटो, एक समुद्राचं चित्र, नातवाचा फोटो. ती बराच वेळ बघत राहिली. चहा निवून गेला.

"काय गं?" ओंदिनाने विचारलं.

यास्नाला सगळ्या तसबिरी सरळच दिसत होत्या.