पाटाखाली बुजवलेलं तोंड

मी स्वयंपाकघरातल्या मोरीचा ट्रॅप बोलतोय. जाळीखाली बसतो तो. माझ्या पोटात थोडं पाणी कायम साठलेलं असतं, त्यामुळे नळीतला वास आणि झुरळं वर येत नाहीत. एवढंच माझं काम. अठरा वर्षं केलं. आता दमलोय, म्हणून थोडं बोलतो.

शेळगीत मल्लिनाथअप्पांचं घर होत आलं तेव्हा रेवणसिद्ध मिस्त्रींनी मला दुकानातून आणलं. त्यांनी खरं तर चार इंची ट्रॅप सांगितला होता.

"एवढं तोंड ठेवलं तर घूस येईल की घरात," अप्पा म्हणाले.

"घूस काय टेप घेऊन येती व्हय, अप्पा? सैपाकाची मोरी हाय. खरकटं, पीठ, समदं हितनंच जाणार."

"तीन इंची आणा."

असा मी आलो.

माझ्यापासून निघालेली नळी कोपऱ्यात वळत होती. त्या वळणावर मिस्त्रींनी फरशीच्या पातळीला एक तोंड ठेवलं आणि त्याला आट्यांचं झाकण बसवलं. तुंबलं की झाकण उघडायचं, तार घालायची. पण नेमका तोच कोपरा अप्पांच्या बायकोनं, कमलम्मांनी, लिंगपूजेसाठी धरला होता. "गटारीच्या तोंडावर पाट मांडून बसू मी?" असं म्हणत त्यांनी मिस्त्री गेल्यावर गवंड्याकडून वर फरशी बसवून घेतली. त्यावर पाट आला. अप्पा तेव्हा दुकानात होते. त्यांना हे कधी कळलंच नाही.

या गावात पाणी चार-पाच दिवसांआड येतं. त्या दिवशी घरोघरी एकच गोष्ट होते. आधीचं उरलेलं पाणी शिळं झालं म्हणून ओतून देतात. हंडे, बादल्या, पिंप, सगळं एका तासात माझ्या अंगावर. आणि मधले दिवस पाणी जपायचं म्हणून तांब्याभर पाण्यात भांडी विसळतात. मग जे खाली जायला हवं, ते वाटेतच बसतं आणि वाळतं. पाणी जपावं, यात चूक नाही. पण जपून ठेवून शेवटी एकदम ओतून देण्यात काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

सून आली, श्रीदेवी. तिनं कडक भाकऱ्या करायला घेतल्या. पातळ, पापडासारख्या, महिनाभर टिकणाऱ्या. नवी पेठेतला एक दुकानदार त्या ठेवू लागला. मग लोक घर शोधत यायचे आणि दारात उभं राहून विचारायचे, "श्रीदेवीताई हितंच राहतात का?" तोवर त्या दारात फक्त अप्पांचं नाव घेतलं जायचं. ती हाक ऐकून तिचे हात क्षणभर थांबायचे. मी खालून बघत असे.

दोन वर्षांपूर्वी पाणी तुंबायला लागलं. माझ्यातून तार घालून पाहिली, ती माझ्याच वळणात अडकली. अॅसिड ओतलं. त्यात भाजलो मी, नळी तशीच राहिली.

या उन्हाळ्यात पाण्याच्या दिवशी सगळं उलटं वर आलं. स्वयंपाकघरभर पसरलं, पिठाचं पोतं भिजलं.

"भाकऱ्या बंद," अप्पा म्हणाले. "पिठानं घर बुडवलं."

"अप्पा, परात मी आधी पुसून घेते. पीठ गाईला जातं. तुमी बघता की."

"बघतो. आन् हे पाणीबी बघतो."

श्रीदेवीनं तवा उतरवून भिंतीशी उपडा ठेवला. कमलम्मा पाटावरचं पाणी पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी रेवणसिद्ध मिस्त्री आले. गुडघे गेलेत त्यांचे, भिंतीला धरूनच बसले. "ह्याच्यातनं तार जायची न्हाय. वळणावर मी तोंड ठेवलं हुतं. कुटं गेलं?"

"काय म्हाईत," अप्पा म्हणाले. "मोरीपास्नं समदी फरशी फोडा."

मिस्त्रींनी छिन्नी लावली. तेव्हा कमलम्मा उठल्या, आपला पाट उचलून काखेत धरला.

"फोडू नगा. हितं खाली हाय. मीच बुजवलं."

अप्पांनी मिस्त्रींना तिकडे हात केला. फरशी निघाली, झाकण फिरलं. मिस्त्रींनी आतून काळा, दोरखंडासारखा गोळा ओढला. पीठ थोडं होतं. बाकी सगळी राख आणि चिंचेच्या शिरा.

"अक्का, ही चिंच कुणाची?"

"माजीच. राखबी. पूजेची भांडी घासते रोज." मग त्या सुनेकडे वळल्या. "उद्या किती भाकऱ्या द्यायच्यात गं?"

"ऐंशी, अव्वा. पण पीठ भिजलंय."

"मग दळून आणू. तवा घे वर."

मला हे सगळं आधीच ठाऊक होतं. चिंच, राख, पीठ, जे ते माझ्याच तोंडातून गेलं. पण ट्रॅपला कोण विचारतो?

त्याच दिवशी मिस्त्रींनी मला काढून माझ्या जागी चार इंची बसवला. वळणावरच्या झाकणावर पुन्हा फरशी बसवली नाही, कमलम्मांचा पाट बाहेरच्या खोलीत गेला.

मी आता स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पडून आहे. सकाळी भाकरी थापल्याचा आवाज येतो. तुम्ही घर बांधत असाल तर एवढं ऐका. नळीचं वळण कुठं आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या, आणि तिथलं तोंड बुजवू नका. ते दिसायला चांगलं नसतं, मला कळतं. पण ते बुजवलं की पुढचं सगळं घरातल्या एकीच्याच माथी येतं. ती बिचारी परात पुसत राहते.

भंगारवाला गुरुवारी येतो म्हणे. तोवर मला इथंच असू द्या.