सतराव्याचा झेंडा

वॉलेस गेडीइतका लांब फटका आमच्या पोर्टलॉनी गावात कुणाचाच नव्हता, आणि त्याच्याइतके चेंडूही कुणी हरवले नसतील. होड्या बांधणारा माणूस. मनगटं माझ्या पोटरीएवढी. आठवडाभर तो बंदरावर ओकच्या फळ्या वाकवायचा आणि शनिवारी गोल्फच्या माळावर येऊन चेंडूवर सूड उगवल्यासारखा तुटून पडायचा.

मी त्या माळाचा राखणदार. एकतीस वर्षं गवत कापलं, वाळूचे खड्डे सारखे केले. रोज सकाळी अठराच्या अठरा ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या तुळतुळीत हिरवळीवर, आदल्या दिवशीचं भोक बुजवायचं, दुसरीकडं नवं पाडायचं आणि त्यात झेंडा रोवायचा, हेही माझंच काम. राहायला क्लबचंच घर, नोकरी असेपर्यंतचं. त्यामुळं कुठल्या उतारावरून चेंडू कुठं घरंगळतो हे मला डोळे मिटूनही सांगता यायचं. स्वतः मी फारसा खेळायचो नाही.

वॉलेस मात्र चाळीस वर्षं खेळला, आणि अठरा होलच्या एका फेरीत चौऱ्याऐंशी फटक्यांच्या खाली कधी आला नाही. चौदाव्या होलवर, म्हणजे चौदाव्या भोकाकडं जाणाऱ्या पट्ट्यावर, ग्रीनच्या तोंडाशी ओढा आहे. दुसऱ्या फटक्यात तो ओलांडायचा तर दोनशे यार्ड हवेतून जायला लागतात. वॉलेस दर वेळी ओलांडायला जायचा आणि पाचांतल्या तीन वेळा चेंडू पाण्यात घालायचा.

"अरे, अलीकडं थांब ना," मी म्हणायचो. "तिसऱ्या फटक्यात आरामात वर जाशील."

"थांबायला मी काय बस आहे?" तो म्हणायचा. "तू गवत काप, शहाण्या."

एकोणीसशे त्र्याऐंशीच्या शरदात कामावर त्याच्या डाव्या हातातून हातोडा पडला. मग पुन्हा पडला. ॲबर्डीनच्या डॉक्टरांनी महिनाभर तपासण्या करून सांगितलं की मज्जातंतूंचा आजार आहे आणि त्याच्यावर औषध नाही. आधी हात जाईल, मग पाय, मग श्वास. दोन वर्षं, फार तर तीन.

त्यानंतरच्या सोमवारी तो माझ्या शेडमध्ये आला. मी यंत्राच्या पात्यांना धार लावत होतो. तो उलट्या बादलीवर बसला.

"इनिस, मला खेळायला शिकव."

"तुला? चाळीस वर्षं खेळतोयस की."

"चाळीस वर्षं मारतोय. आता मारता येणार नाही."

मी कानस खाली ठेवली. मग तोच म्हणाला, "हार्बर कपच्या विजेत्यांच्या पाटीवर माझ्या बापाचं नाव आहे, चुलत्याचं आहे. माझं नाही. कप ऑगस्टात, तोवर हात टिकेल असं डॉक्टर म्हणतो. पुढच्या ऑगस्टचं तो काही बोलला नाही."

तो सगळा हिवाळा आम्ही माळ पालथा घातला, तोही काठ्या घरी ठेवून. मी त्याला प्रत्येक होल उलटा चालायला लावला, ग्रीनपासून मागं. ग्रीनवर उभं राहून मी विचारायचो, "आता सांग, इथं कुठं चुकलं तर चालेल?"

"चुकायचंच कशाला?"

"तू चुकणारच आहेस. सगळे चुकतात. जागा निवडून चूक."

चौथ्या ग्रीनच्या डावीकडं पुरुषभर खोल घसरण आहे आणि उजवीकडं आखूड गवताची सपाटी. झेंडा डावीकडं असला तरी नेम उजवीकडं धरायचा आणि तिथून चेंडू उचलून मारायच्या फंदात न पडता पटरनं, त्या आखूड चपट्या काठीनं, सरळ ढकलत न्यायचा. नवव्याच्या खड्ड्यात पडलो तर पुढची भिंत बघायचीसुद्धा नाही, आडवं मारून बाहेर यायचं. एक फटका गेला तर गेला, त्याच्यामागं आणखी तीन घालवायचे नाहीत. आणि चौदाव्यावर ओढ्याच्या अलीकडं थांबायचं.

"इशबेलपुढंसुद्धा मी एवढी मान खाली घातली नाही कधी," तो कुरकुरला. इशबेल त्याची बायको, शाळेत शिवण शिकवायची.

"खोटं बोलतोस," मी म्हणालो, आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदा आम्ही दोघं मोठ्यानं हसलो.

एप्रिलमध्ये त्यानं खेळायला सुरुवात केली. डाव्या हाताची पकड सुटू नये म्हणून स्वतःच चामड्याचा पट्टा शिवून घेतला होता. त्याचा पहिला फटका आता मुश्किलीनं पावणेदोनशे यार्ड जायचा. क्लबातले लोक नजर चुकवायचे. पहिल्या फेरीला त्र्याऐंशी फटके लागले. कार्डाकडं तो कितीतरी वेळ बघत राहिला. मे महिन्यात ऐंशी. जूनमध्ये, शांत हवेच्या दिवशी, एकोणऐंशी. त्या दिवशी तो शेडमध्ये आला, बादलीवर बसला आणि रडायला लागला.

"हातात जोर होता तेव्हा हे डोकं कुठं होतं रे माझं?"

जुलैपासून पायही ओढायला लागला. महिन्याला दहा-बारा यार्ड कमी होत होते, आणि दर महिन्याला आम्ही सगळा माळ नव्यानं मोजत होतो. जिथं दोन फटक्यांत पोचायचो तिथं आता तीन धरायचे. आकडा मात्र वाढला नाही. कपच्या आदल्या दिवशी सरावाला आला तेव्हा तो बाराव्यावर पडला, सोळाव्यावर पुन्हा पडला. मी हात दिला तर झिडकारला.

हार्बर कप म्हणजे एकच फेरी. कच्च्या खेळाडूला फटक्यांची सवलत नाही, ज्याचे फटके कमी त्याचा कप. त्या शनिवारी सकाळी साडेपाचला भोकं पाडायचं हत्यार घेऊन मी निघालो. उत्तरेचा वारा सुटला होता. दिवसभर वाढणार हे समुद्राकडं बघूनच कळत होतं.

सतराव्या होलवर ग्रीनला दोन पायऱ्या आहेत. डावीकडं वर अरुंद कट्टा, त्याच्यापुढं खोल खड्डा. उजवीकडं खाली बशीसारखा खोलगट भाग, आजूबाजूचं सगळं तिथंच घरंगळून येतं. कपच्या दिवशी झेंडा कट्ट्यावर, ही माझ्या आधीच्या राखणदारापासूनची रीत. नियम नव्हे, पण क्लबात सगळ्यांना ठाऊक. कट्ट्यावर चेंडू थांबवायचा तर तो उंच आणि जोरात यावा लागतो. वॉलेसला ते आता जमण्यासारखं नव्हतं. आम्ही त्या होलवर त्याचे चार फटके धरले होते.

मी कट्ट्यावर हत्यार टेकवलं आणि उचललं. पुन्हा टेकवलं. मग खाली उतरलो आणि बशीत भोक पाडलं. गवताची चकती निघताना नेहमीसारखाच आवाज झाला.

वॉलेसची जोडी कॉझ्मो रीथशी लागली होती. कॉझ्मो म्हणजे गावातला औषधवाला, क्लबातला सगळ्यात नेटका खेळाडू. गोल्फमध्ये जोडीदार एकमेकांचं कार्ड लिहितात, म्हणून वॉलेसचे फटके कॉझ्मोनं लिहिले. वाऱ्यानं त्या दिवशी भल्याभल्यांची दैना केली. तरणी पोरं झेंड्यावर नेम धरून मारत होती आणि काटेरी झुडपांत जात होती. वॉलेस उजवीकडं, अलीकडं, मधोमध असा म्हाताऱ्या बैलासारखा चालत राहिला. चौदाव्यावर ओढ्याच्या अलीकडं थांबला. सोळा होल संपले तेव्हा दोघं बरोबरीत होते.

सतराव्यावर मी कुंपणापाशी उभा होतो. वॉलेसच्या दुसऱ्या फटक्याचा चेंडू उजवीकडं अलीकडंच पडला, गवतावरून पळाला, उतारानं त्याला आत ओढलं आणि तो झेंड्यापासून दोन हातांवर थांबला. त्याचे तीन. कॉझ्मोचा उंच फटका वाऱ्यानं मागच्या बाजूला घालवला. त्याचे चार. अठरावा दोघांनी सारखाच खेळला. वॉलेस एक्याऐंशी, कॉझ्मो ब्याऐंशी.

कप त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरला, एका हातानं पेलत नव्हता. इशबेल रडत होती. कॉझ्मोनं पहिली टाळी वाजवली. मीही वाजवली.

सतराव्याचा झेंडा खाली होता तो वाऱ्यामुळंच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मंगळवारी दुपारी वॉलेस काठी टेकत माळावर आला. सतराव्या ग्रीनवर बराच वेळ वाकून उभा राहिला. बुजवलेल्या भोकाची गोल खूण गवतावर काही दिवस दिसते. बशीत ताजी खूण होती, कट्ट्यावर नव्हती.

"इनिस," मी जवळ गेल्यावर तो म्हणाला, "शनिवारी झेंडा खाली का होता?"

"वारा होता. वर चेंडू ठरला नसता."

"एकोणऐंशी साली याहून जास्त वारा होता. तेव्हा वरच होता."

मी बुटानं गवतावरची खूण दाबत राहिलो.

"माझ्याकडं बघून सांग."

"सगळ्यांना तोच झेंडा होता, वॉलेस. कॉझ्मोलाही तोच."

"पण भोक तिथं पाडलंस कुणासाठी?"

"तुझ्यासाठी," मी म्हणालो.

तो ओरडेल, काठी उगारेल असं मला वाटलं. तो नुसता हलला आणि काठीवर तोल सावरला. "एक्याऐंशी माझे होते की तुझे, हे आता मला कधीच कळायचं नाही," तो म्हणाला. "एवढी एकच गोष्ट मी स्वतः केली होती. हात गेल्यावर."

"मी कमिटीला सांगतो."

"म्हणजे ते तुला काढतील आणि घरही जाईल. बसून राहा गप्प."

त्याच संध्याकाळी तो कप घेऊन क्लबात गेला. कमिटीपुढं त्यानं सांगितलं की अकराव्या होलवर, उंच गवतात, त्याच्या काठीच्या धक्क्यानं चेंडू हलला होता. नियमानं एक फटका वाढवायला हवा होता. त्यानं वाढवला नाही आणि कार्डावर सही ठोकली. चुकीच्या कार्डावर सही म्हणजे खेळाडू बाद. सेक्रेटरीनं पाटीवर अजून नाव लिहिलं नव्हतं. कॉझ्मोचं लिहिलं गेलं.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. पाठीमागं सगळं गाव बोललं. आजारी माणूस, जाऊ दे, असं म्हणायचे आणि लगेच पुढं जोडायचे, पण तीन दिवस कप घरात ठेवून बसला की! इशबेलला बघून पावाच्या दुकानात बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. तिनं चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला सुरुवात केली आणि नंतर चर्चला जाणंच सोडलं.

मी त्याच्याकडं जात राहिलो. मी गेलो की तो हवामानाचं, होड्यांचं बोलायचा. गोल्फचा शब्द काढायचा नाही. एकदा मी म्हणालो, "निदान इशबेलला तरी सांगू दे मला."

तोवर त्याची वाचाही जड झाली होती. एकेक शब्द तो ओढून काढायचा. "तिला... लपवता येत नाही. तू... बेघर होशील."

"तू माझ्यावर रागावलायस ना?"

"हो," तो म्हणाला. एवढं एक त्यानं स्पष्ट उच्चारलं.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत तो गेला. शवपेटीला खांदा द्यायला क्लबातले आम्ही चौघंच होतो.

मी तेव्हाही बोललो नाही. पेन्शनला चौदा महिने राहिले होते. ते मी भरले. क्लबानं मला घड्याळ दिलं, नगरपालिकेनं एक खोली दिली. सामान हलवून झाल्यावर मी इशबेलच्या घरी गेलो आणि स्वयंपाकघरात उभ्यानंच सगळं सांगितलं.

ती बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवली.

"तो जाऊन किती दिवस झाले?"

"चौदा महिने."

"मग चौदा महिने काय करत होतास?"

"नोकरी."

तिनं हात पुसले. "तुला ठाऊक आहे मी त्याला काय म्हणाले होते? म्हणाले, तीन दिवस माझ्यासमोर तो कप पुसत होतास आणि तुला लाज नाही वाटली? त्यानं नुसती मान हलवली. त्याला घास भरवतानासुद्धा मी हेच बोललेय, इनिस. एकदा नाही."

मी टोपी हातात घेऊन उभा होतो.

"कोट घालते," ती म्हणाली. "कॉझ्मोकडं जायचं. माझ्यादेखत सांग."

कॉझ्मोच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी सांगत असताना तो गल्ल्यामागं बाटल्या सरळ करत राहिला. शेवटी म्हणाला, "अकराव्यावर मी त्याच्या शेजारीच उभा होतो. चेंडू हलला नव्हता. मला माहीत होतं."

"मग कमिटीला का नाही सांगितलंस?" इशबेलनं विचारलं.

"वाटलं, आजारानं भ्रम झाला असेल." त्यानं हातातली बाटली खाली ठेवली. "नाही. खरं सांगायचं तर मलाही कप हवा होता. त्याआधी तीनदा मी दुसरा आलो होतो."

मग कॉझ्मो म्हणाला की तो उद्याच कमिटीकडं जाईल, पाटीवरचं स्वतःचं नाव खोडून वॉलेसचं लिहायला लावेल.

"काही लिहू नका," इशबेल म्हणाली. "त्याला तो कप नको होता म्हणून त्यानं परत दिला. तुम्ही कोण परत देणारे? तो खोटं का बोलला तेवढं लोकांना सांगा. दोघांनी सांगा."

आम्ही दोघांनी सहीनिशी लिहून दिलं. क्लबच्या फळ्यावर तो कागद महिनाभर होता. काहींनी इशबेलकडं जाऊन माफी मागितली, बऱ्याच जणांनी नाही. माझा क्लबातला प्रवेश बंद झाला, तो योग्यच होता. कॉझ्मोनं खेळणं सोडलं.

इशबेल पुढच्या वर्षी इन्व्हरनेसला बहिणीकडं राहायला गेली. सामानाच्या गाडीपाशी मी गेलो होतो. पेट्या उचलायला मदत करू का, असं विचारलं.

"माणसं ठेवलीत," ती म्हणाली आणि आत गेली.